पंचवीस मिनिटांचा निबंध

विद्यार्थ्याने काय वाचले हे त्याला चार प्रश्न विचारून समजते; परंतु वाचलेले त्याच्या ठायी कितपत मुरले आहे हे समजावयास त्याच्या हाती लेखणी द्यावी लागते, असा शिक्षकवर्गाचा फार दिवसांचा अनुभव आहे. हा अनुभव खरा असेल, तर कॉलेजच्या दारात उभ्या असलेल्या मुलाकडून एखादा निबंध आपल्या देखत लिहवून घेणे यापेक्षा सरळ परीक्षा दुसरी कोणती असणार? असे असता अमेरिकेसारख्या विद्यासंपन्न देशाने ही परीक्षा २००५ साली मोठ्या गाजावाजाने सुरू केली, आणि सोळा वर्षांनी, २०२१ साली, ती बंद केली. असे का झाले, त्यात दोष कोणाचा, आणि त्यापासून आपण काय शिकावे, याचा थोडासा विचार ह्या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. अलीकडे आपल्याकडील काही विद्यार्थी पदवीच्या शिक्षणासाठी अमेरिकेस जातात, तेव्हा विषय अगदीच परका नाही. परंतु ज्यांना तिकडे कधीच जावयाचे नाही, त्यांनाही तो तितकाच लागू आहे, हे वाचकांस पुढे दिसून येईल.

प्रथम ही परीक्षा कशी होती ते सांगितले पाहिजे. माध्यमिक शाळा सोडून कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या अमेरिकन मुलामुलींची 'एस्. ए. टी.' नावाची परीक्षा कॉलेज बोर्ड ही संस्था घेते. २००५ च्या मार्च महिन्यापासून तीत लेखनाचा नवा भाग घातला गेला, आणि एकंदर गुण १६०० होते ते २४०० झाले. परीक्षेच्या अगदी आरंभीच निबंध लिहावयाचा असे. एक लहानसे अवतरण छापलेले असावयाचे आणि त्याखाली एक व्यापक प्रश्न. यश प्रयत्नाने मिळते की संधीने, बहुमत नेहमी बरोबर असते काय, अशा वळणाचे ते प्रश्न असत. उमेदवाराने कोणतीही एक बाजू घ्यावी, आणि वाचनातील, अभ्यासातील किंवा स्वतःच्या अनुभवातील उदाहरणे देऊन ती मांडावी. वेळ पंचवीस मिनिटे, साधन पेन्सिल, आणि जागा म्हणजे रेघा मारलेली दोन पाने. विषय सोडून लिहिल्यास शून्य. दोन परीक्षक तो निबंध वेगवेगळा वाचीत आणि प्रत्येकी १ ते ६ गुण देत. दोघांत एका गुणाहून अधिक अंतर पडल्यास निबंध तिसऱ्याकडे जाई. दोघांच्या गुणांची बेरीज, म्हणजे २ ते १२ मधील एखादा आकडा, ही त्या मुलाच्या लेखनाची किंमत ठरे.

ही व्यवस्था कोठून आली हे समजावयास थोडे मागे गेले पाहिजे. कॉलेज बोर्डाची स्थापना १९०० साली झाली व पुढच्याच वर्षी त्याने पहिल्या परीक्षा घेतल्या. त्या वेळी उमेदवार एक हजाराहूनही कमी होते. सर्व उत्तरे हाताने लिहिलेली असत आणि ती शिक्षकमंडळी बसून वाचीत. पुढे १९२६ च्या जून महिन्यात एस्. ए. टी. प्रथम घेण्यात आली, तेव्हा सुमारे आठ हजार मुले बसली. तीत निबंध नव्हता. उत्तरे निवडावयाची होती. कित्येक वर्षे निबंधांच्या जुन्या परीक्षा आणि ही नवी परीक्षा शेजारी शेजारी चालल्या. १९४२ साली युद्धाच्या धामधुमीत निबंधांच्या परीक्षा थांबविण्यात आल्या, आणि युद्ध संपले तरी त्या पूर्वीच्या रूपात परत आल्या नाहीत. हजारो उत्तरपत्रिका यंत्राने तपासता येतात हे एकदा हाती लागल्यावर पुन्हा माणसांच्या वाचनावर कोण अवलंबून राहील?

तथापि यंत्राच्या बाजूने केवळ सोयीचेच कारण होते असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. माणसाचे वाचन बेभरवशाचे असते, हे १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने डोळ्यांपुढे मांडले. एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ह्या संस्थेतील पॉल डीडरिक व त्यांचे सहकारी यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध ५३ वाचकांकडे दिले. वाचकांत इंग्रजीचे अध्यापक होते, विज्ञानाचे व समाजशास्त्रांचे अध्यापक होते, तसेच लेखक, संपादक, वकील आणि व्यापारी गृहस्थही होते. नऊ श्रेणी ठरवून दिल्या, आणि कसोटी ज्याची त्याने ठरवावी असे सांगितले. परिणाम असा झाला की ३०० पैकी १०१ निबंधांना पहिलीपासून नववीपर्यंत प्रत्येक श्रेणी कोणी ना कोणी दिलेली होती, आणि पाचांहून कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या असा एकही निबंध निघाला नाही. एकाच कागदाला एक विद्वान सर्वोत्तम म्हणतो आणि दुसरा टाकाऊ म्हणतो, तर त्या कागदाच्या भरवशावर कोणाचे कॉलेज ठरवावे आणि कोणाचे नाकारावे, हा प्रश्न रास्तच होता.

ह्यावर जो तोडगा निघाला त्यातच पुढील सर्व घोटाळ्याचे बीज आहे, असे आमचे मत आहे. वाचकांचे मत जुळत नाही ना? मग वाचकांना असे वळण लावावे की त्यांचे मत जुळेल. नमुन्याचे निबंध पुढे ठेवून कोणता चौघा गुणांचा व कोणता पाचांचा हे त्यांच्या मनावर ठसवावे. निबंध एकदाच, झरझर वाचावा, चुका मोजीत बसू नये, आणि जो एकंदर ठसा उमटेल त्यास अनुसरून गुण द्यावे. ह्या पद्धतीने गुण खरोखरच जुळू लागले. परंतु दोन अनोळखी माणसांचे घाईच्या वाचनात कशावर एकमत होऊ शकते? जे पृष्ठभागावर दिसते त्यावर. निबंधाची लांबी, परिच्छेदांची मांडणी, मोठमोठे शब्द, आरंभी प्रतिज्ञा व शेवटी उपसंहार, ह्या गोष्टी एका दृष्टिक्षेपात दिसतात. विचार खरा आहे काय, उदाहरण त्या विचारास लागू पडते काय, लिहिणाऱ्याने स्वतः काही पाहिले आहे काय, हे समजावयास थांबावे लागते. आणि थांबावयास तेथे कोणास वेळ होता?

२००१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड ॲट्किन्सन यांनी जुन्या एस्. ए. टी. वर कडक टीका केली, आणि एवढे मोठे गिऱ्हाईक हातचे जाते असे दिसताच बोर्डाने परीक्षा बदलण्याचे मनावर घेतले. त्या बदलातूनच २००५ चा निबंध आला. हेतू चांगला होता. शाळा परीक्षेकडे पाहून शिकवितात. परीक्षेत लेखन आले म्हणजे शाळेत लेखन येईल, अशी अपेक्षा होती. परंतु हिशेब करून पाहावा. त्या काळी दरवर्षी शाळा सोडणाऱ्या मुलांपैकी सुमारे पंधरा लक्ष मुले ही परीक्षा देत. प्रत्येकाचा निबंध दोघांनी वाचावयाचा म्हणजे तीस लक्ष वाचने झाली. प्रत्येक वाचनास पाच मिनिटे धरली तर दीड कोटी मिनिटे, म्हणजे अडीच लक्ष तास होतात. इतके तास कोण देणार, आणि त्यांचे मोल कोण भरणार? साहजिकच पाच मिनिटे कोणाच्याही वाट्यास येत नसत. मुलाने पंचवीस मिनिटे घाम गाळून जे लिहिले, ते वाचणारा एका बैठकीत असे कित्येक निबंध संपवी.

ह्याचे फळ ताबडतोब दिसून आले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे लेखन शिकविणारे लेस पेरेलमन यांनी बोर्डाने प्रसिद्ध केलेले नमुन्याचे निबंध २००५ सालीच तपासले, तेव्हा त्यांस असे आढळले की निबंध जितका लांब तितके गुण अधिक. इतके की न वाचता नुसत्या लांबीवरून बहुधा गुण सांगता यावेत. दुसरी गोष्ट अशी की माहितीतील चुकांबद्दल गुण कापू नयेत, अशी परीक्षकांस सूचना होती. मुलापाशी पुस्तक नाही व त्याचा हा पहिलाच खर्डा आहे, तेव्हा सालाची चूक झाली तर क्षमा करावी, हा तीमागचा विचार दयाळूपणाचा होता. पण उलट बाजूने ती सूचना काय सांगते? एखादे युद्ध शंभर वर्षे पुढे ढकलले, किंवा न झालेल्या आजोबांची न घडलेली हकीकत सांगितली, तरी चालते! परीक्षेची तयारी करून देणाऱ्या शिकवण्यांनी हे मर्म तत्काळ ओळखले. पाच परिच्छेदांचा साचा, कोणत्याही प्रश्नाला चिकटविता येतील अशी दोनतीन ठरीव उदाहरणे, आणि अधूनमधून पेरावयाचे दहावीस भारदस्त शब्द, एवढी शिदोरी घेऊन मुले परीक्षेस जाऊ लागली. लेखनाची परीक्षा घ्यावयास निघालेल्यांनी पाठांतराचा आणखी एक विषय निर्माण करून ठेविला.

विषयाच्या निवडीविषयीही तक्रारी झाल्या. २०११ च्या मार्च महिन्यात काही उमेदवारांस दूरचित्रवाणीवरील 'खऱ्याखुऱ्या जीवनाचे' म्हणून दाखविल्या जाणाऱ्या कार्यक्रमांविषयी प्रश्न आला, तेव्हा जी अभ्यासू मुले असले कार्यक्रम पाहतच नव्हती त्यांनी मोठी ओरड केली. प्रश्नात लागणारी माहिती दिलेलीच आहे, असे बोर्डाचे म्हणणे होते. दोहोंतही थोडेथोडे तथ्य होते. ज्याविषयी लिहावयाचे तो पदार्थ आपण कधी पाहिलाच नाही, तर उत्तरात आपले असे काय असणार? आणि आपले काही नसले तरी चांगले गुण मिळणे शक्य होते, हे तर त्याहूनही वाईट.

आता ह्या गोष्टीचा जो भाग आम्हांस सर्वांत विचार करण्यासारखा वाटतो तो सांगतो. माणसांना घाईने व एकाच साच्याने वाचावयास शिकविल्यावर पुढची पायरी सरळच होती. जे काम माणूस यंत्रासारखे करितो, ते यंत्राने का करू नये? व्यवस्थापनशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी घेतल्या जाणाऱ्या 'जीमॅट' परीक्षेत १९९९ सालापासून दोन वाचकांपैकी एकाच्या जागी 'ई-रेटर' नावाचे संगणकीय यंत्र बसले. यंत्राला अर्थ कळत नाही. ते वाक्यांची लांबी, शब्दांचा तोरा आणि मांडणीच्या खुणा मोजते. २०१४ साली ह्याच पेरेलमन यांनी काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने एक गमतीचा कार्यक्रम तयार केला. त्यास दोनतीन शब्द दिले की तो क्षणार्धात एक डौलदार पण संपूर्णपणे निरर्थक निबंध लिहून देई. असा एक निबंध सरावासाठी असलेल्या तपासनीस यंत्रापुढे ठेविला, तेव्हा त्यास सहांपैकी पाचांहून अधिक गुण मिळाले. एक यंत्र बडबडले आणि दुसऱ्याने मान डोलाविली. मध्ये माणूस कोठेच नव्हता.

म्हणजे आधी वाचणारा गेला. लिहिणारा त्याच्यामागून गेला, आणि तोही फार दिवस लावून नव्हे. २०१६ च्या मार्चमध्ये बोर्डाने निबंध ऐच्छिक केला व त्याचे रूप पालटले. एक सहासातशे शब्दांचा उतारा वाचावयाचा, आणि त्याचा लेखक आपले म्हणणे वाचकास कसे पटवितो हे पन्नास मिनिटांत उलगडून दाखवावयाचे. स्वतःचे मत मागितलेले नव्हते. हा प्रश्न पहिल्यापेक्षा पुष्कळ बरा होता, कारण आता लिहिण्यापूर्वी वाचणे भाग होते. परंतु निबंधाची फी निराळी पडे, आणि मोठमोठी कॉलेजे तो मागेनाशी झाली. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व स्टॅन्फर्ड यांनी २०१८ साली आपली अट काढून टाकिली. शेवटी २०२१ च्या जानेवारीत बोर्डाने निबंध बंद केल्याचे जाहीर केले, आणि त्या वर्षाच्या जूननंतर, थोड्या राज्यांत शाळेच्या दिवशी होणाऱ्या परीक्षा वगळता, तो नाहीसा झाला. विद्यार्थ्यांवरील भार हलका करावा, आणि लेखन दाखविण्याचे इतर मार्ग त्यांस आहेतच, अशी कारणे सांगितली गेली.

इतर मार्ग म्हणजे काय? मुख्यतः घरी लिहून पाठवावयाचा निबंध. अनेक कॉलेजांना मिळून जो एक अर्ज चालतो, त्यात साडेसहाशे शब्दांपर्यंत आत्मनिवेदन लिहावयाचे असते. येथे घड्याळ नाही, परीक्षागृह नाही, पर्यवेक्षक नाही. परंतु तो निबंध आईबापांनी वाचून सुधारला, की शिक्षकांनी, की भरभक्कम फी घेणाऱ्या सल्लागाराने, हे कागदावरून कसे कळावे? परीक्षागृहातील पंचवीस मिनिटांत श्रीमंताचा मुलगा व गरिबाचा मुलगा एकाच बाकावर, एकाच पेन्सिलीने लिहीत होते. घरी ते दोन वेगळ्या जगांत लिहितात. त्यातच २०२२ च्या नोव्हेंबर महिन्यात चॅटजीपीटी लोकांपुढे आले, आणि सल्लागाराची फीदेखील नको झाली. २०२४ साली ड्यूक विद्यापीठाने प्रवेशाच्या निबंधांस आकडी गुण देणे थांबविले, ह्यात आम्हांस मुळीच नवल वाटत नाही. ज्या निबंधाचा लेखक कोण हेच ठाऊक नाही, त्यास गुण कोणाच्या नावे द्यावयाचे?

येथे कोणी असे म्हणतील की, घड्याळ लावून लिहिणे हाच मुळी अन्याय आहे; चांगला लेखक चार वेळा खोडतो, आठ दिवस विचार करितो, आणि मग पक्की प्रत काढतो. हे म्हणणे मोठ्या लेखनाविषयी खरे आहे. पण जगातील बहुतेक लेखन मोठे नसते. अपघाताच्या जागी पंचनामा लिहिणाऱ्या हवालदारास, पाळी संपताना रोग्याची हकीकत पुढच्या पाळीसाठी लिहून ठेवणाऱ्या परिचारिकेस, सभा उठण्यापूर्वी ठरावाचे शब्द जुळविणाऱ्या चिटणिसास आठ दिवस कोण देतो? थोड्या वेळात, जे पाहिले तेवढेच, सरळ सांगता येणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि ती शिकविता येते. तेव्हा घड्याळाला दोष देण्यापेक्षा वेळेच्या मानाने प्रश्न केवढा आहे हे पाहावे. फ्रान्समध्ये शाळेच्या शेवटच्या परीक्षेत तत्त्वज्ञानाचा असाच व्यापक प्रश्न येतो, पण उत्तरास चार तास असतात. आपल्याकडे संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. तीन तासांत दोन निबंध लिहावयाचे, आणि ते मराठीतही लिहिता येतात. चार तासांचा प्रश्न पंचवीस मिनिटांत विचारला, की उत्तरात पोकळ शब्दांवाचून दुसरे काय येणार? तोच वेळ देऊन, 'तुमच्या गावच्या बाजारात वजनमापाची भांडणे कशी मिटतात' असे विचारले असते, तर कदाचित निराळाच अनुभव आला असता.

इतका वेळ दूरच्या देशाची हकीकत सांगितली. आता घराकडे पाहू. आपल्या मुलांना कॉलेजचे दार आज कोणत्या परीक्षेने उघडते? वैद्यकीच्या 'नीट' परीक्षेत १८० प्रश्न व ७२० गुण. प्रत्येक प्रश्नापुढे चार उत्तरे, त्यांतील एक निवडावयाचे. महाराष्ट्राची सामाईक प्रवेशपरीक्षा त्याच घाटाची. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून जी एक सामाईक परीक्षा सुरू झाली, तीही त्याच घाटाची. म्हणजे अमेरिकेने सोळा वर्षे प्रयोग करून निबंध सोडला. आपण ह्या परीक्षांत तो कधी धरलाच नाही. आपल्या प्रांतातील मुलगा वैद्य होईल, यंत्रशास्त्रज्ञ होईल. पण त्या दारातून आत जाताना त्याच्या हातचे एकही वाक्य कोणी पाहिलेले नसेल. एवढ्या लक्षावधी मुलांतून निवड करावयाची तर दुसरा उपाय नाही, असे सांगण्यात येते, आणि वरचा अडीच लक्ष तासांचा हिशेब ज्याने केला त्यास हे म्हणणे सहजासहजी झिडकारता येणार नाही.

शालान्त परीक्षेच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत लेखनास आजही जागा आहे, ही समाधानाची गोष्ट होय. पण त्या जागी काय येते हे शिक्षकांस सांगावयास नको. 'पावसाळ्यातील एक दिवस', 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त', 'सूर्य उगवला नाही तर' हे निबंध बाजारात तयार मिळतात. मार्गदर्शकातून ते पाठ होतात, आणि परीक्षेत एकाच दिवशी हजारो फाटकी पुस्तके एकाच शब्दांत रडू लागतात. कोकणातील मुलगा, ज्याच्या अंगणात चार महिने पाणी वाहते, तो आपला पाऊस सोडून पुस्तकातील मोराचा पाऊस लिहितो. आणि दुष्काळी मुलुखातील मुलगी, जिने टँकरची वाट पाहिली आहे, तीही तोच मोर लिहिते. असे का व्हावे? मुले अप्रामाणिक असतात म्हणून नव्हे. आपण लिहिलेले कोणी वाचणार आहे, असा त्यांस भरवसाच नाही. लाल शाईची बरोबरची खूण आणि दहापैकी सहा, एवढेच उत्तर ज्यास वर्षानुवर्षे मिळाले, तो आपल्या अंगणातील पाऊस कोणासाठी जपून ठेवील?

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: लिहिणाऱ्यास पंचवीसच मिनिटे दिली हे त्या परीक्षेचे पाप नव्हे; वाचणाऱ्याने त्यास पाच मिनिटेही दिली नाहीत, हे आहे. आणि ज्या परीक्षा लक्षावधींच्या आहेत त्यांत हे साधणार नसेल, तर जेथे ते साधण्यासारखे आहे तेथेच, म्हणजे शाळेच्या वर्गातच, ते साधले पाहिजे.

हे बोलणे सोपे आहे, असे आमचे बंधुशिक्षक म्हणतील, आणि ते खरे आहे. साठ मुलांचा वर्ग, प्रत्येक वहीस पाच मिनिटे, म्हणजे पाच तास झाले. असे दोन वर्ग असले तर दहा तास. तासिका, हजेरीपटे, आणि वरून येणारी नाना प्रकारची माहितीपत्रके भरून हे दहा तास कोठून आणावयाचे? ह्यास आमची एक साधी सूचना आहे. आठवड्यातून एकदा सर्व वर्गाने पंचवीस मिनिटे एक पान लिहावे. विषय जवळचा, हाताने चाचपता येईल असा असावा, आणि तो त्याच क्षणी फळ्यावर यावा, म्हणजे मार्गदर्शकास वावच नाही. त्या साठांपैकी शिक्षकाने फक्त पंधराच वह्या घ्याव्या, पण त्या प्रत्येकी दहा मिनिटे वाचाव्या. गुण देऊ नयेत. खाली दोन वाक्ये लिहावी: एक, तुझे अमुक म्हणणे मला पटले किंवा पटले नाही, दुसरे, अमुक जागी मला समजले नाही, तेथे पुन्हा लिही. मुलाने तेवढा भाग पुन्हा लिहावा. पंधरा वह्यांस अडीच तास लागतील, आणि चार आठवड्यांत प्रत्येक मुलाच्या वाट्यास एक खरे वाचन येईल. उरलेल्या पंचेचाळीस मुलांनी आपली वही शेजाऱ्यास द्यावी, आणि शेजाऱ्याने न समजलेल्या वाक्याखाली नुसती रेघ मारावी. वर्षाअखेर ह्या वहीची पाने चाळली असता मुलाची प्रगती दाखविण्यास दुसऱ्या आकड्याची गरज पडणार नाही. ज्या पालकांस घरी दहा मिनिटे सवड आहे, त्यांनी ती वही मागून वाचावी, शुद्धलेखन काढण्यासाठी नव्हे, तर आपल्या मुलाने काय पाहिले हे जाणण्यासाठी.

शाळाखात्याकडे व संस्थाचालकांकडेही आमचे एक मागणे आहे. वाचन हे काम आहे; त्यास वेळ लागतो, आणि वेळास पैसा लागतो. भाषाशिक्षकाच्या वेळापत्रकात वह्या वाचण्याचे तास मोकळे धरले नाहीत, तर वर सांगितलेली सूचना चार उत्साही माणसांच्या रात्रीच्या झोपेवर चालेल आणि त्यांच्याबरोबरच संपेल. अमेरिकेत जे घडले ते पैशाच्या हिशेबानेच घडले, हे विसरू नये.

विद्यार्थिमित्रहो, शेवटचे दोन शब्द तुम्हांस. पुढे तुम्ही ज्या परीक्षांस बसाल, त्यांत बहुधा तुम्हांस कोणी एक ओळही लिहावयास सांगणार नाही. घरी बसल्या जागी हवा तेवढा निबंध यंत्र लिहून देईल, आणि तो तुमच्यापेक्षा शुद्ध असेल. तेव्हा, लिहावयास शिकून काय मिळणार, असा प्रश्न तुमच्या मनात आला तर त्यात गैर काही नाही. ह्यास आमचे उत्तर असे: ज्या दिवशी तुम्हांस तलाठ्याकडे तक्रार द्यावयाची असेल, आजारी आईची हकीकत दूरच्या डॉक्टरास कळवावयाची असेल, किंवा रुसलेल्या मित्रास दोन ओळी पाठवावयाच्या असतील, त्या दिवशी काय घडले हे तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणास ठाऊक नसेल. यंत्रासही नसेल. ते सांगण्याचा सराव आताच, शुक्रवारच्या पंचवीस मिनिटांत, करून ठेवा. आणि शेजाऱ्याची वही हातात आली म्हणजे ती नीट वाचा. त्याने जे लिहिले आहे त्याचे पहिले वाचक तुम्हीच आहात.